हजेरीपटावरची बाई

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
रविवार, ता. ११ नोव्हेंबर १९३४

सौ. शरणम्मा हीस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडे माहेरी तू, भाऊ मायाप्पा, भावजय आणि बाळ खुशाल असाल असे धरून चालतो, कारण तुझे पत्र नाही. मुद्दाम मराठीत लिहीत आहे. तुझ्या भावाचा दुकानातला सगळा कारभार कानडीत. त्याला मराठी बोलता येते, वाचता येत नाही, हे मी विसरलेलो नाही. त्याने काय लिहिले आहे म्हणून विचारलेच, तर हवापाणी लिहिले आहे असे सांग.

भावजयीच्या बाळंतपणाला म्हणून तू वैशाखात गेलीस. बाळ आता बसू लागले असेल. तुझी काही घाई नाही. माझे जेवणाखाण्याचे उत्तम चालले आहे. भाकरी मीच थापतो. परवाची भाकरी पाहून शेजारच्या निंगव्वा म्हणाल्या, "मास्तर, ह्यो हिंदुस्थानचा नकाशा काढलाय व्हय?" आकार खरोखर तसाच होता. सिंहलद्वीप तेवढे तव्याला चिकटून राहिले होते.

बातमी अशी की, स्कूल बोर्डाने माझी गावातल्या शाळेतून उचलबांगडी करून गिरणीमागच्या माळावर नेमणूक केली आहे. तिथे नवी शाळा काढली आहे. अनुभवी माणूस हवा म्हणून मला निवडले, असे मी सगळ्यांना सांगतो. दुसरा कोणी जायला तयार नव्हता, हे तुला सांगतो.

माळावर दीडशे-दोनशे झोपड्या उठल्या आहेत. दक्षिणेकडच्या गावांत लागोपाठ दोन वर्षे पाऊस झाला नाही. विहिरी आटल्या, चारा संपला, मेंढरे मेली किंवा विकली, आणि ही धनगरांची कुटुंबे पाठीवर संसार घेऊन इथे आली. पुरुष गिरणीत कोणी गैरहजर असेल त्याच्या बदलीवर जातात, बायका सडकेवर खडी फोडायला जातात. शाळा म्हणजे कापसाची जुनी पत्र्याची वखार. दुपारी पत्रा असा तापतो की मुलांबरोबर मीही शिजतो.

गणपती उठल्यावर शाळा उघडली. पहिल्या दिवशी मुलगे एकोणीस, मुली शून्य. मी उपरणे सावरून झोपड्या हिंडलो. शिक्षणाचे महत्त्व यावर मी पूर्वी केलेले भाषण तुला आठवत असेल (तू त्यात झोपली होतीस), तेच केले. सगळ्यांनी ऐकून घेतले. शेवटी केराबाई नावाची एक उंच बाई पुढे आली. तिच्या शब्दाला माळावर वजन आहे. कडेवर तान्हे पोर होते.

"झालं तुमचं बोलून?" तिने विचारले.

"झाले."

"मग ह्ये धरा." असे म्हणून तिने ते पोर माझ्या हातात दिले आणि ती घमेले उचलून चालू लागली. मी घाबरून हाका मारल्या. ती वळून म्हणाली, "कसं वाटतंय? मी खडीवर गेल्यावर माझी थोरली बाळाबाई दिसभर त्येच करती की. ती शाळंत आली तर ह्येला कुणी धरायचं? तुमी?"

एवढ्यात त्या पोराने माझे उपरणे भिजवले.

दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दवंडी दिली की मुलींनी धाकट्या भावंडांना घेऊन शाळेत यावे. वखारीच्या वाशांना लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. आता वर्गात सात झोळ्या आहेत. चारांच्या दोऱ्या माझ्या दोन हातांना आणि दोन पायांच्या अंगठ्यांना असतात, उरलेल्या तीन मुली आळीपाळीने ओढतात. केराबाईचे पोर फक्त सातच्या पाढ्यावर झोपते. आठचा सुरू केला की भोकाड पसरते. परिणामी आमचा वर्ग सातच्या पाढ्यात पारंगत आहे आणि आठचा कोणाला ठाऊक नाही.

मुली अकरा झाल्या. सगळ्या लहान. नऊ-दहा वर्षांपुढची एक बाळाबाई सोडली तर कोणी नाही. मोठ्या का येत नाहीत म्हणून विचारले तर आया एकच विचारतात, "बाई हाय का शाळंत? न्हाय? मग थोरल्या पोरी बाप्या मानसाकडं कशा धाडायच्या?" मी म्हणतो, "बाई येणार आहेत." बाया हसतात.

असो. लिंबाच्या लोणच्याला मीठ किती घालायचे ते कळव. मी घातले ते चुकले आहे.

तुझा,
शिवयोगी


सोलापूर,
रविवार, ता. २ डिसेंबर १९३४

सौ. शरणम्मा हीस,

आशीर्वाद. शेंगाचटणीची पुडी पोचली. सोबत चिठ्ठी असेल म्हणून कागद उलटासुलटा करून पाहिला, पुडीचा दोराही सोडवून पाहिला. चटणी नेहमीपेक्षा फार तिखट आहे. याचा अर्थ काय घ्यायचा, यावर मी दोन दिवस घालवले.

गेल्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी लिहिली नाही.

दसऱ्याच्या सुमारास बोर्डाचा हुकूम आला. मुलींचा वर्ग चालू ठेवायचा तर वीस मुली पाहिजेत आणि एक शिक्षिका पाहिजे. नाहीतर वर्ग बंद, आणि मुलग्यांना गावातल्या शाळेत पाठवावे. मुलींना कुठे पाठवावे याबद्दल हुकुमात एक ओळसुद्धा नव्हती. सोबत छापील फॉर्म होता. त्यात रकाना होता, 'शिक्षिकेचे नाव'. मी टाक दौतीत बुडवला तेव्हा तो रकाना रिकामाच सोडायचा असे ठरवले होते. पण समोर बाळाबाई बसली होती. एका हाताने झोळी ओढत होती आणि दुसऱ्या हाताने पाटीवर 'घ' काढत होती. तिचा 'घ' दर वेळी 'ध' होतो. तिने पुसून पुन्हा काढला, पुन्हा पुसला, आणि चौथ्यांदा तो 'घ' झाला. तिने कोणाला दाखवला नाही, नुसतीच स्वतःशी हसली. मी रकान्यात तुझे नाव लिहिले.

'सौ. शरणम्मा, फायनल पास, मानद.' सातवीची फायनल तू पास आहेस, तेवढे खरे. मानद एवढ्यासाठी की पगाराची चौकशी येऊ नये.

तेव्हापासून हजेरीपटावर तुझी सही रोज मीच करतो. तू फार नियमित आहेस. गेल्या महिन्यात एका सोमवारी मी तुला ताप आणला आणि एक दिवसाची रजा लिहिली, कारण इतकी नियमित बाई खरी वाटेना.

माळावर मात्र कागद चालत नाही. बाई कुठे आहेत म्हणून रोज विचारणा होते. आधी मी प्रवासात आहेत म्हणालो, मग प्रकृती बरी नाही म्हणालो. परवा केराबाईने मला वखारीच्या दारात गाठले.

"मास्तर, खरं सांगा. बायकू रुसून गेलीया नव्हं?"

मी म्हणालो, "भावजयीच्या बाळंतपणाला गेली आहे."

"कवा?"

"वैशाखात."

तिने बोटांवर महिने मोजले. म्हणाली, "लई मोठं बाळंतपन की!" मागे उभ्या असलेल्या सात-आठ बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आता सगळ्या माळाला ठाऊक आहे. येता-जाता मला सल्ले मिळतात. एका म्हातारीने लुगडे घेऊन जा म्हणून सांगितले. केराबाईचा नवरा सिदू, जो आठवड्यात चार शब्द बोलतो, त्याने आपले चारही शब्द माझ्यावर खर्च केले. म्हणाला, "पाया पडा. लाजू नगा."

हसण्यावारी नेले असते, पण केराबाईने पुढे जे सांगितले ते हसण्यासारखे नव्हते. तिच्या दिराने बाळाबाईसाठी स्थळ आणले आहे. नवरा मुलगा तिच्या दुप्पट वयाचा, पण त्यांच्याकडे अजून चाळीस मेंढरे शिल्लक आहेत. केराबाई म्हणाली, "म्या दिराला काय सांगू? शाळंत बाई असती तर म्हनले असते की पोरगी बाईच्या हाताखाली हाय, लिवती-वाचती, दोन वर्सं थांबा. पन बाप्याच्या शाळंत थोरली पोर बसवली म्हनून आत्ताच लोकं बोलत्यात. बाई आली तर ठीक. न्हाय तर माघात लगीन लावून मोकळी हुते." ती रागाने बोलत नव्हती. दमून बोलत होती.

दुसऱ्या दिवशी बाळाबाईने पाटी आणून दाखवली. आजवर ती मी घातलेले कित्ते गिरवत होती. हे पहिले वाक्य तिचे स्वतःचे होते: 'बाई कवा येनार.' मी 'कवा'चे 'केव्हा' केले, 'येनार'चे 'येणार' केले आणि पाटी परत दिली. ती जागेवर गेली. सगळे पुसून शुद्ध लिहिले, पुन्हा माझ्यासमोर धरले आणि उभी राहिली. मी शेंडी खाजवत सातचा पाढा सुरू केला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते लिहितो. तीन कागद फाडून झाले आहेत.

फाल्गुनात गावातल्या मुलींच्या शाळेकडून तुला पत्र आले होते. त्यांना शिक्षिका हवी होती. ते तुला मिळाले नाही, कारण मी दिले नाही. 'घरच्या अडचणीमुळे येणे होत नाही' असे उत्तर मी लिहिले आणि खाली तुझी सही केली. म्हणजे या कामाचा सराव मला आधीपासून होता.

का केले, हे विचारशील तर तेव्हा मी मनाला सांगितले की घराची आबाळ होईल. आता सात महिने घराची आबाळ पाहिली, ते काही कारण नव्हते. तू शिकवायला लागली असतीस तर सहा महिन्यांत सगळ्या सोलापुरात कळले असते की आपल्या दोघांत मास्तर कोण. तुझे अक्षर माझ्यापेक्षा चांगले, हिशेब तोंडी, आणि तुझ्यासमोर कोणी झोपत नाही. मला ते सोसले नसते.

सोमवारी, ता. १७ ला शाळाखात्याचे दिपोटीसाहेब वर्गाच्या तपासणीला येणार आहेत. ये असे म्हणायचा हक्क मी घालवला आहे. म्हणून म्हणत नाही. फक्त तारीख कळवली.

शिवयोगी


मंद्रूप,
रविवार, ता. २७ जानेवारी १९३५

सौ. शरणम्माबाई यांस,

नमस्कार. या पत्रात 'तुम्ही' असे लिहीत आहे, याचे नवल वाटेल. मी सोलापूर सोडले त्या दिवशी तुम्हाला हाक मारताना 'अगं' म्हणालो, तेव्हा केराबाईने मला बाजूला घेऊन दम दिला. "आमच्या बाईला अगंतुगं करायचं न्हाय, मास्तर. घरात काय ते करा." घरात आपण दोघे एकत्र फार वेळ नव्हतोच, म्हणून सवय सगळीकडेच लावून घेतो आहे.

मंद्रुपात चावडीमागची खोली मिळाली आहे. पाणी बरे आहे. मंगळवारचा बाजार दारातच भरतो, त्या दिवशी वर्गात माझ्यापेक्षा मिरचीवाल्याचा आवाज जास्त ऐकू येतो.

त्या सोमवारबद्दल आपण एक अक्षर बोललो नाही. तुम्हाला वेळ नव्हता आणि मला तोंड नव्हते. म्हणून माझ्या बाजूचे आता लिहितो.

तुमचे कार्ड माझ्याजवळ आहे. 'पत्र पोचले. फाल्गुनातले मला वैशाखातच कळले होते, शाळेच्या शिपायाने बाजारात सांगितले. सोमवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नये.' म्हणजे सात महिने तुम्हाला सगळे ठाऊक होते, आणि सात महिने मी बाळंतपणाची चौकशी करत होतो! कार्ड वाचून मी खाली बसलो. निंगव्वांनी पाणी आणून दिले.

स्टेशनवर आलो नाही. वखारीच्या दारात उभा राहिलो. टांगा आला, तुम्ही उतरलात, ट्रंक माझ्या पायाशी ठेवलीत, माझ्याकडे न बघता आत गेलात आणि पहिले वाक्य बोललात ते असे, "या झोळीची गाठ कोणी मारली? सुटेल ना!" मग तुम्ही सातही गाठी सोडून पुन्हा बांधल्यात. बाळाबाई तुमच्याकडे तोंड उघडे टाकून पाहत होती. तुम्ही तिला नाव विचारलेत, आणि ती मागच्या दाराने जी पळाली ती सगळ्या माळावर ओरडत गेली, "बाई आली! खरी बाई आली! चस्मा हाय!"

त्या दिवशी खडीवर निम्म्या बाया उशिरा गेल्या, असे सिदू नंतर म्हणाला. दहा वाजेपर्यंत तेवीस मुली बसल्या होत्या. केराबाईने स्वतः पाच आणल्या, त्यातली एक तिच्या त्या दिराची होती.

मग दिपोटीसाहेब आले. त्यांनी हजेरीपट उघडला, दोन महिन्यांच्या सह्या पाहिल्या आणि तुम्हाला विचारले, "बाई, आपण किती दिवस शिकवता आहात?"

मी डोळे मिटले. तुम्ही 'ऑक्टोबरपासून' म्हणाल आणि सगळे निभावेल, अशी माझी खात्री होती. तुम्ही म्हणालात, "आज सकाळपासून. वरच्या सह्या माझ्या नाहीत. माझी सही अशी असते." आणि तुम्ही टाक घेऊन त्या दिवसाच्या रकान्यात सही केलीत.

माझ्या कानात गिरणी सुरू झाली. नोकरी गेली, वर्ग गेला, आणि ही बाई मला बुडवायलाच गाडीत बसली होती, असे वाटले. पुढच्या क्षणाला वाटले, बुडवलेच तर बरोबर केले. त्या दोन वाटण्यांच्या मध्ये मी खुर्ची म्हणून ठेवलेल्या पेटीवर बसायला गेलो आणि पेटीऐवजी शाईच्या दौतीवर बसलो. मुली हसल्या. साहेबही हसले. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत.

साहेबांनी तुम्हाला शिकवून दाखवायला सांगितले आणि मला बाहेर नेले. म्हणून बाहेर काय झाले ते तुम्हाला माहीत नाही. धोतराला मागे शाई, अशा अवस्थेत मी उभा होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "खोट्या सह्यांसाठी माणसाला घरी पाठवतात, ठाऊक आहे?"

मी म्हणालो, "ठाऊक आहे. पाठवा. पण वर्ग बंद करू नका. आतल्या मुलीला माघात लग्नाला बसवणार आहेत."

"कोणत्या?"

मी दारातून दाखवली. बाळाबाई फळ्यासमोर उभी होती आणि तुम्ही तिला आठचा पाढा विचारत होता. तिला येईना. तुम्ही तो तिच्याकडून पाच-पाच वेळा म्हणवून घेतलात. केराबाईचे पोर झोळीत भोकाड पसरून रडत होते, पण तुम्ही पाढा काही बदलला नाहीत. थोड्या वेळाने ते पोर रडायचे थांबले. तीन महिने मला हे सुचले नव्हते!

साहेबांनी तिचा पाढा पुरा होईपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "या शाळेला बाईची गरज होती, तुमची नव्हती. त्यांना आजपासून हंगामी नेमतो. मुलगेही त्यांच्याच हाताखाली राहतील. तुम्हाला मंद्रुपाला पाठवतो. रागाने नाही. दोघांची इथे जागा नाही, आणि सह्या करायची तुमची सवय सुटायला जरा लांब असलेले बरे."

मी आत आलो आणि तुम्हाला एवढेच सांगितले, "माझी बदली झाली." तुम्ही म्हणालात, "ट्रंक घरी पोचवा." ती माझी माळावरची शेवटची कामगिरी.

आता एक कबुली. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी मी सोलापुरात आलो होतो. तुम्हाला कळवले नाही. सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन बाहेर पडलो तर समोरून तुमची रांग. पुढे तुम्ही, मागे मुली, प्रत्येकीच्या कडेवर एक पोर, आणि सगळ्या मिळून वाटेतली एकूण एक पाटी मोठ्याने वाचत चाललेल्या. 'चहा.' 'उत्तम भजी.' 'येथे फोटो निघतील.' एका पाळणेवाल्याच्या फळ्यावर 'आकाश पाळना' होते. बाळाबाईने त्याला अडवून 'णा' कसा काढायचा ते दाखवले. तो म्हणाला, "तू कोन गं मला शिकवनारी?" ती म्हणाली, "मी पहिलीतली." मी भज्यांच्या दुकानामागे उभा होतो. पुढे आलो नाही. तुम्ही हसत होता, आणि मी समोर आलो असतो तर थांबला असता, अशी भीती वाटली.

बाळाबाईचे लग्न दोन वर्षे पुढे गेले हे सिदूकडून कळले. केराबाईने दिराला सांगितले म्हणे, "तुमची पोरगी बी त्याच शाळंत हाय. आदी तिचं ठरवा." बरे झाले. पण पाऊस झाला की ही मंडळी गावी परत जातील. मग मुलींचे काय, हा प्रश्न तुम्ही बोर्डाला लिहून विचारला आणि शाळा त्यांच्या गावी न्यावी असे सुचवले, हेही कळले.

कळले ते असे. गुरुवारी बोर्डाचे पाकीट आले. माझ्या नावे होते म्हणून उघडले. आत लिहिले आहे की शरणम्माबाईंना कायम करावे, दोन वर्षांसाठी पुण्याला ट्रेनिंगला पाठवावे आणि परत आल्यावर या धनगरांच्या गावी मुलींची शाळा काढून द्यावी, असा विचार आहे. तोवर माळावर दुसरी बाई नेमतील. तरी पतीने आपला होकार किंवा नकार कळवावा. खाली माझ्या सहीसाठी रेघ आखली आहे.

तीन दिवस तो कागद उशाखाली होता. खोटे कशाला सांगू, पहिल्या दिवशी मी टाकही काढला होता. पुणे दूर आहे. दोन वर्षे म्हणजे पुष्कळ भाकऱ्या. आणि मला वाटत होते की उन्हाळ्याच्या सुटीत मी सोलापूरला येईन, तुम्ही दार उघडाल आणि हळूहळू बोलायला लागाल.

सोबत तो कागद आहे. रेघ कोरी आहे. बोर्डाला मी वेगळे लिहिले आहे की, हा प्रश्न ज्यांचा त्यांना विचारावा, मी दिलेले उत्तर धरू नये. तुम्हाला काय वाटते ते तुम्हीच लिहा. माझे मत कागदावर कोणी मागितले नव्हते असे समजा. मी ते तुमच्याजवळही सांगणार नाही. इतके मात्र सांगतो की गेलात तर ट्रंक स्टेशनवर मी पोचवीन, आणि या वेळी येऊ नये असे लिहिलेत तरी येईन.

इथे मंद्रुपात मुली अजून एकही नाही. आया विचारतात, "बाई हाय का?" मी सांगतो, नाही. खरे सांगितल्यावर पुढे काय करायचे, ते मला कळत नाही. तुम्हाला सवड झाली तर लिहा.

तुम्ही कायम होणार. मी मात्र,

आपला हंगामी,
शिवयोगी